कांद्याला लावलेलं मीठ

आमच्या घरात स्वयंपाक करणारी बाई स्वयंपाक चाखत नाही. आधी देवाला नैवेद्य, मग माणसं, आणि करणारी सगळ्यात शेवटी. हा रिवाज माझ्या बायकोने बेळगावाकडच्या माहेरून आणला आणि इथे कन्नड शहरात, बनशंकरीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तीस वर्षं चालवला. मी निपाणीचा. आमच्याकडे आमटी उकळत असतानाच थेंबभर तळहातावर घेऊन भुरकायची पद्धत, त्यामुळे सुरुवातीला मला हे थोतांड वाटलं. न चाखता मीठ कमीजास्त झालेलं कळणार कसं, असं मी नव्या नवलाईत विचारलं होतं. "वासावरून कळतंय," ती म्हणाली. मिठाला वास नसतो हे मी तिला शास्त्रोक्त पटवून दिलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि तीस वर्षांत एकदाही मीठ चुकवलं नाही.

त्यातही भजी हा तिचा खास प्रांत. कांद्याची, कच्च्या केळ्याची, दोडक्याची, आणि बाल्कनीतल्या कुंडीत लावलेल्या पानओव्याची. खालच्या मजल्यावर एक अक्का राहतात, कन्नड, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्याकडे कढई चढली की पाच मिनिटांत त्या काहीतरी निमित्त काढून वर यायच्या. तुमच्याकडे पाणी येतंय का, असं विचारायच्या. दोन्ही घरांना पाणी एकाच टाकीतून येतं. बायको हसू दाबून वाटीभर भजी पुढे करायची आणि पाण्याचा विषय तिथेच संपायचा.

गेल्या वर्षी बायकोच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग केमोचे डोस झाले. शेवटच्या डोसानंतर दोन महिन्यांनी रिपोर्ट चांगले आले आणि डॉक्टरबाईंनी गाठ गेली असं स्वच्छ सांगितलं. परत येताना मी रिक्षात बसून रडलो. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि वाईट बातमी असेल असं समजून भाड्याची घासाघीस न करता घरापर्यंत सोडलं.

पण त्या औषधांनी जाताना तिची चव नेली होती. भात म्हणजे ओला कागद, आमटी म्हणजे कोमट पाणी, असं ती म्हणायची. वासही जवळजवळ नव्हता. चार घास झाले की ताट बाजूला सारायची. साठ किलोची बाई चव्वेचाळीसवर आली. डॉक्टरबाई म्हणाल्या, चव बहुतेक येईल, कुणाला आठवड्यांत येते, कुणाला महिने लागतात, पण तोवर पोटात गेलं पाहिजे. पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करू, काटा आणखी खाली गेलेला असेल तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल.

बायको बाहेर आल्यावर म्हणाली, "चिरलं, केस गेले, मी काही म्हटलं नाही. पण नळी नको हं." तिने माझ्याकडून वचन वगैरे घेतलं नाही. मी मनातल्या मनात देऊन टाकलं, आणि मग हे वचन पाळायचं कसं या विचाराने माझं धाबं दणाणलं. मला चहापलीकडे काही येत नव्हतं.

घरात तेव्हा मामी होत्या. मामी म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात. लेकीच्या आजारपणात त्या बेळगावहून आल्या त्या राहिल्याच. वय झालेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण पहाटे उठून लेकीसाठी पेज, मऊ भात, मुगाचं कढण करायच्या. लेक मान फिरवायची. "एवढं मऊ करून घालूलोय तरी गिळंना की ही," असं मला सांगायच्या. मामींबरोबर घरात आणखी एक नियम आला होता. दिवेलागण झाली की मीठ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मिठाची बरणी कुणाला द्यायची नाही, मागायची नाही, घातलं का म्हणून विचारायचंही नाही. लक्ष्मी जाते म्हणे. लक्ष्मी आमच्याकडे कधी मुक्कामाला होती असं मला आठवत नाही, पण मामींशी वाद घालायची माझी छाती नव्हती.

डॉक्टरांकडून आलो त्या संध्याकाळी खालच्या अक्का वर आल्या. या वेळी पाण्याचं निमित्त नव्हतं, हातात ताटली होती. कच्च्या केळ्याची भजी. पूर्वीच्या सगळ्या वाट्या एकदम परत करायला आल्यासारख्या त्या अवघडून उभ्या होत्या. बायकोने त्यांचं मन राखायला एक काप उचलला आणि कडेचा तुकडा तोडून तोंडात टाकला. मला तो तुकडा चावल्याचा आवाज दारापर्यंत ऐकू आला. तिने दुसरा तुकडा तोडला. मग अख्खा काप संपवला. मामी पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या.

"चव आली?" मी विचारलं.

"चव कुठली? पण वाजलं," ती म्हणाली. "तोंडात काहीतरी आहे असं कळलं."

मला एवढं पुरे होतं. मऊ अन्न तिच्यासाठी नसल्यासारखंच होतं. कुरकुरीत अन्न निदान स्वतःची वर्दी देत होतं. मी डॉक्टरबाईंना फोन करून तळलेलं चालेल का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, तोंडातले फोड बरे झालेत, तिखट सोडून ती खाईल ते द्या. मी घरात जाहीर केलं की उद्यापासून रोज संध्याकाळी भजी, आणि ती मी तळणार. मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बाळंतपण करायला निघालो होतो.

आता यात माझी जी घमेंड होती ती सांगायला हवी. आनेकलकडच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं पोलाद तापवून तेलात बुडवायचं काम करतो आहे. गिअर भट्टीत लाल करायचे आणि तेलाच्या टाकीत सोडायचे, म्हणजे त्यांना कडकपणा येतो. अंग किती कडक झालं, आत किती मऊ राहिलं, हे मी नुसता नग बघून सांगतो. तापवणं, तेल आणि कडकपणा, याहून भज्यात वेगळं काय असणार? पहिल्या दिवशी मी पहिल्या पाळीहून आलो तो कारखान्यातली तापमान बघायची बंदूक पिशवीत घालूनच. मामींच्या दिशेने ती जरा वळली तशा त्या मागे सरल्या. "मला ताप न्हाई," त्या म्हणाल्या.

तेल एकशे पंचाहत्तर दाखवत होतं. मी सगळं पीठ एका दमात कढईत सोडलं. फुगावं म्हणून सोडा ढकलला होता, कांद्याचा उग्रपणा जावा म्हणून चिरलेला कांदा नळाखाली खळखळून धुतला होता. "कांदा धुवून भजी करतंत हे मी पैल्यांदा बघूलोय," असं मामी म्हणाल्या, पण मी लक्ष दिलं नाही. बाहेर हॉलमध्ये बायको खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तिथूनच ती म्हणाली, "तेल गार आहे."

"एकशे पंचाहत्तर आहे," मी बंदूक उंचावून सांगितलं.

"असेल. आवाज गार आहे."

भजी काढली ती स्पंजासारखी. दाबली तर तेल गळत होतं. तिने एक उचलून खाली ठेवलं, मला वाईट वाटू नये म्हणून पुन्हा उचललं, आणि अर्धं खाल्लं. मी स्वयंपाकघरात येऊन बंदूक पुन्हा रोखली तेव्हा ती एकशे तीस दाखवत होती. मग डोक्यात उजेड पडला. कारखान्यात लालबुंद नग तेलाला तापवतो. टाकीतलं तेल भडकू नये, ते गार राखावं, यातच माझा जन्म गेला. इथे सगळं उलटं होतं. गार पीठ तेलाला गार करत होतं, आणि मी मात्र सवयीने गॅस बारीक करत होतो. अशी चूक आनेकलच्या भट्टीवरचा माणूसच करू जाणे.

बंदूक पिशवीत गेली. दुसऱ्या दिवसापासून मी बायकोच्या कानावर तळायला लागलो. ती हॉलमधून सांगायची, मी कढईपाशी पाळायचो.

"गर्दी झाली. चार-पाचच सोडा."

"आता मोठा करा गॅस."

"थांबा, अजून पाणी आहे त्यात. ऐका की, अजून बडबडतंय."

"आता बारीक झाला आवाज. काढा."

चौतीस वर्षं मी तेलाचा रंग पाहिला, धूर पाहिला, पण तेल ऐकायचं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भजं तेलात पडलं की आधी गलका होतो, आतलं पाणी निघून जाऊ लागलं की आवाज पातळ होत जातो, आणि तो अगदी कुजबुजीवर आला की झारा घालायचा. तिला हे सगळं भिंतीपलीकडून कळत होतं. वास गेला होता, चव गेली होती, पण तिचा तो एक कान त्या घाण्याला लागलेला असायचा, आणि तेवढा वेळ ती पूर्वीसारखी घरधनीण असायची. माझ्यावर ओरडायचीसुद्धा. तिचं ओरडणं ऐकून मला इतकं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

खालच्या अक्कांनीही जिन्यात गाठून एक धडा दिला. "स्वल्प अक्की हिट्टु, सर," म्हणाल्या, म्हणजे थोडी तांदळाची पिठी घाला. आणि चमचाभर कडकडीत तेल पिठात, सोडा अजिबात नको. कांद्याच्या भज्यांचं खरं गुपित मात्र बायकोने सांगितलं. कांदा उभा पातळ चिरायचा, मीठ लावून चोळायचा आणि तासभर तसाच ठेवायचा. त्याला पाणी सुटतं. मग त्याच पाण्यात मावेल तेवढंच डाळीचं पीठ आणि पिठी घालायची, वरून पाण्याचा थेंबही नाही. पिठात वेगळं मीठही नाही, कारण ते कांद्याबरोबर आधीच गेलेलं असतं. पीठ कमी आणि कांदा जास्त, म्हणजे त्याच्या काड्या सुट्या सुट्या तळल्या जातात आणि खेकड्याच्या पायांसारखी वेडीवाकडी, कडक भजी होतात.

चौथ्या दिवशी तिने तीन खाल्ली. सातव्या दिवशी पाच, आणि वर दहीभाताचे चार घास. चव नव्हतीच. "मी आवाज खाते," असं ती म्हणायची. मी आणि मामी तिच्या समोर बसून प्रत्येक कुरकुरीला मनात एकेक पायरी चढत होतो.

नवव्या दिवशी माझं डोकं फिरलं. कामावर दोन नगांना तडा गेला होता, त्यावरून बोलणी खाऊन मी आलो होतो, बसमध्ये उभा होतो, तरी कढई चढवली. तिने दोन खाल्ली आणि ताटली सरकवली. मी झारा ओट्यावर आपटला. "मी काय इथे चेष्टा करतोय?" असं काहीतरी बोललो. ती म्हणाली, "तुम्ही रोज चार घास माती खाऊन बघा, मग बोला." आवाज चढवला नव्हता तिने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती झोपायला गेल्यावर मी उरलेली भजी घेऊन बाल्कनीत बसलो. एका हाताने नाक घट्ट दाबलं आणि एक भजं खाल्लं. नाक दाबून चावत राहिलो. कांदा गेला, ओवा गेला, डाळीचा खमंगपणा गेला. मीठ तेवढं उरलं, आणि तिला तेही उरलं नव्हतं. बाकी नुसतं काहीतरी फुटत होतं, तुटत होतं, आणि गिळायला जबरदस्ती करावी लागत होती. तिने ही पाच-पाच खाल्ली होती, ती भुकेने खाल्ली नव्हती. माझ्यासाठी खाल्ली होती आणि नळी टाळायला खाल्ली होती. दाराशी मामी उभ्या होत्या. जावई नाक धरून भजी खातोय हे बघून त्यांनी आत जाऊन पाण्याचा तांब्या आणून माझ्याशेजारी ठेवला.

असे पंधरा दिवस भरत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी वजन करायला जायचं होतं. हेब्बाळला राहणारी आमची लेक सकाळी गाडी घेऊन येणार होती. घरात वजनकाटा नव्हता, म्हणजे मीच आणू दिला नव्हता. रोज उठून तो आकडा बघायचा धीर आमच्यात कुणालाच नव्हता. तिच्या बांगड्या मात्र मी बघायचो. त्या पहिल्यासारख्याच मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या.

त्या संध्याकाळी मी पाचला घरी आलो आणि आल्या आल्या कांदा चिरला. मीठ लावलं, चोळलं, परातीत झाकून ठेवला. मामी तेव्हा देवळात गेल्या होत्या. लेकीच्या वजनासाठी बनशंकरी देवीला काय काय नवस बोलल्या होत्या कोण जाणे. मी आंघोळ केली, साडेसहाला देवापाशी दिवा लावला. दिवा लागतोय तोवर मामी परत आल्या आणि थेट स्वयंपाकघरात शिरल्या.

पुढचं मला नंतर जोडावं लागलं, पण झालं ते असं. रोज पीठ मीच कालवायचो, आज मामींनी परातीवरचं झाकण काढलं. एका चांगल्या डोळ्याला आत कांदा पाण्यात निथळताना दिसला. त्यांना वाटलं, जावयाने पुन्हा कांदा धुतला. आणि धुतलेल्या कांद्याला मीठ कुठलं असणार? आता विचारायचं तर दिवा लागलेला. म्हणून त्यांनी मला खूण केली, भुवया वर करून फळीकडे पाहिलं. फळीवर मिठाची बरणी आणि तिखटाची बरणी शेजारी शेजारी असतात. मला वाटलं, त्या तिखट घालू का विचारतायत. बायकोच्या तोंडाला तिखट लागून चालणार नव्हतं. मी जोरजोरात मान हलवून नाही म्हटलं, आणि पानओव्याची चार पानं खुडायला बाल्कनीत गेलो.

मी येईपर्यंत मामींनी पीठ, पिठी, हळद घालून सगळं मळून ठेवलं होतं. आणि माझ्या मान हलवण्याचा अर्थ मीठ घातलेलं नाही असा घेऊन मीठही घातलं होतं, तेही घाईत, लेक आज नीट खाऊ दे म्हणत, हात जरा सैल सोडून. मला वाटलं, म्हातारीने मदत केली. बरं वाटलं. चाखून बघायचा प्रश्न नव्हता, देवाचा नैवेद्य व्हायचा होता.

घाणा सुंदर उतरला. बायको हॉलमधून म्हणाली, "आज आवाज छान आहे." मी पाच भजी चांदीच्या वाटीत घालून देवापुढे ठेवली, पाणी फिरवलं, हात जोडले. काही मागितलं का, तर हो, मागितलं. उद्या तो काटा पुढे जाऊ दे, एवढंच मागितलं. मग बशी भरून तिच्या हातात दिली आणि मी आणि मामी नेहमीसारखे समोर बसलो.

तिने एक भजं उचललं, चावलं. कुरकुर ऐकू आली. मग ती थांबली. चावायचीच थांबली. गाल तसाच फुगलेला, नजर माझ्यावर. मला वाटलं, आता हेसुद्धा बंद झालं. उद्या सकाळी काय होणार ते मला लख्ख दिसायला लागलं.

तिने घास कसाबसा गिळला. "मीठ," ती म्हणाली.

"अगं, दिवा लागलाय," मामी दचकून म्हणाल्या.

"खारट आहेत," ती म्हणाली. "आई, खारट खार आहेत ही. कुणी केलं पीठ?"

मी तिच्या बशीतलं एक उचलून तोंडात टाकलं आणि माझे डोळे पाणावले. समुद्रसुद्धा इतका खारट नसेल. मी मामींकडे वळलो. त्या माझ्याकडे बघत होत्या. "मामी, मी कांद्याला लावून ठेवलं होतं," मी म्हणालो. "तुमी तर न्हाई म्हणून मुंडी हलवलासा," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिखटाचं विचारलं," असं मी म्हणालो, आणि आमचं चांगलं जुंपणार होतं. माझा आवाज चढलाही होता. पंधरा दिवसांतला सगळ्यात महत्त्वाचा घाणा, आणि तो या बाईने घालवला, असं माझ्या जिभेवर आलं होतं.

मग ते जिभेवरच राहिलं. कारण मी बायकोकडे पाहिलं. ती बशीकडे बघत होती आणि तिचा हात ओठांवर होता.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"जिभेला लागलं," ती म्हणाली. जणू स्वतःलाच सांगत होती. "इथे, कडेला. लागलं मला."

मामी उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू स्वयंपाकघरात गेल्या आणि फळीवरून मिठाची बरणी घेऊन आल्या. देवापुढे दिवा जळत होता. त्याच्या समोरून, बरणी उराशी धरून, त्या लेकीपाशी आल्या, तिचा हात पुढे ओढला आणि तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं.

"मीठ हाय," त्या म्हणाल्या. "बघ, मीठ हाय काय हे?"

तिने जिभेचं टोक लावलं. डोळे मिटले. "हो आई. मीठ आहे."

"मीठ हाय," मामी मला सांगू लागल्या, जणू मी बहिरा होतो. "मीठ म्हणूलीय बघा ती. मीठ." त्या रडत होत्या आणि शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. आयुष्यभर तिन्हीसांजेला न उच्चारलेला तो शब्द त्यांनी त्या पाच मिनिटांत वापरून संपवला. मी कुणाकडे बघावं ते न कळून बशीतलं आणखी एक भजं खाल्लं. ते पहिल्यापेक्षा खारट होतं. मग मी बिनमिठाचं पीठ भिजवून दुसरा घाणा काढला, आणि दोन्ही घाण्यांची भजी कुस्करून दहीभातात मिसळून आम्ही तिघांनी खाल्ली. बायकोने भात मागून घेतला. मागून घेतला हे मी मुद्दाम लिहितो आहे.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात काट्याने चव्वेचाळीस किलो तीनशे ग्रॅम दाखवले. आधीपेक्षा तीनशे ग्रॅम जास्त. डॉक्टरबाईंनी नळीचा विषय काढला नाही, पंधरा दिवसांनी या म्हणाल्या. ते तीनशे ग्रॅम बाईचे होते की आदल्या रात्रीच्या मिठाने अंगात धरून ठेवलेल्या पाण्याचे, अशी शंका माझ्या तपासनीस डोक्याला आली. मी ती कुणालाही सांगितली नाही.

त्या संध्याकाळी मी पुन्हा कांद्याला मीठ लावून ठेवलं, या वेळी भीतभीत, अगदी चिमटीने. दिवा लागला. पीठ कालवलं, कढई चढवली. मामींनी फळीकडे पाहिलं, भुवया उचलल्या, मग भुवया खाली आणल्या आणि खणखणीत आवाजात विचारलं, "जावई, मीठ घातलासा काय?"

मी उत्तर द्यायच्या आत हॉलमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. भिंतीला धरत, बांगड्या वर सारत, बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. पाच महिन्यांत ती या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. तिने मला बाजूला केलं, परातीत बोट बुडवलं, आणि देवापुढे अजून काही ठेवलेलं नसताना ते बोट तोंडात घातलं. तीस वर्षांत तिने हे केलेलं मी पाहिलं नव्हतं. मामींनी एकदा देव्हाऱ्याकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

बायको बराच वेळ जीभ टाळूला लावून उभी होती.

"लागतंय अजून थोडं," ती म्हणाली.

मी बरणी पुढे केली.